सगळ्यांची एक मेणबत्ती



आपण मेणबत्ती पेटवतो तेव्हा ती कोणाची असते? बहुधा ‘माझी’: माझ्या नवसाची, माझ्या घरच्या मृतांची. रशियातील व्होल्गा नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या एर्झ्या लोकांची जुनी प्रथा या प्रश्नाचे वेगळे उत्तर देते.

त्यांच्या विधीतील मेणबत्तीला ‘श्तातोल’ म्हणतात. ‘श्ता’ म्हणजे मेण, ‘तोल’ म्हणजे अग्नी. जंगलातील मधमाश्यांचा मध व मेण गोळा करणे हा या लोकांचा पूर्वापार व्यवसाय. मात्र श्तातोल एका माणसाची नसे; ती कुळाची किंवा गावाची असे. ‘ओझ्क्स’ म्हणजे सामुदायिक प्रार्थना. त्या वेळी ती पेटवून पूर्वजांचे स्मरण करीत. विधी संपला की ती जपून ठेवीत आणि पुढे तिच्यात नवे मेण घालीत. पिढ्या बदलत, मेणबत्ती तीच राहत असे.

१७४० च्या दशकात शासनाच्या दडपणाखाली व सवलतींच्या आमिषाने या लोकांचे मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झाले. आज त्यांच्यातील बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. तरी श्तातोल विसरली गेली नाही. १९९९ साली मोर्दोव्हिया प्रजासत्ताकातील चुकाली गावाजवळ ‘रास्केन ओझ्क्स’ ही सर्व एर्झ्यांची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, आणि मध्यभागी मोठी श्तातोल पेटली. एर्झ्या व मोक्शा या भगिनी समाजांची एकत्रित नोंद रशियाच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे ७.४४ लाख होती; २०२१ मध्ये ती सुमारे ४.८४ लाख झाली. भाषा घरातून निघून जात असताना ही ज्योत त्यांना ‘आपण’ म्हणायला शिकवते.

याला आपण अंधश्रद्धा म्हणावे का? इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. म्हणजे सगळे सारखेच, असे नव्हे. पास्काच्या मेणबत्तीत आपण पुनरुत्थित ख्रिस्त पाहतो. तो विश्वास आपला आहे. पण आदराने पाहिले तर दुसऱ्याची ज्योत आपलीही वस्तू नीट दाखवते. पास्काच्या रात्री त्या एकाच मेणबत्तीवरून आपण सगळे आपापली मेणबत्ती पेटवतो. बाप्तिस्म्याची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटते, आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ तीच उभी असते. आपलीही मेणबत्ती मुळात ‘माझी’ नाहीच.

चिंतनासाठी: यंदा आपल्या वाडीतील कोणते घर या प्रकाशापासून दूर राहिले? त्या घरी आपल्यापैकी कोण जाणार?