बीदर : राजधानी गेली, हुन्नर राहिला

सुमारे १४३० साली बहामनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आली. वजीर महमूद गवानने येथे १४७२ मध्ये मदरसा बांधला. बनावट पत्रावरून १४८१ मध्ये त्याचा वध झाला. पुढे राज्याचे पाच तुकडे झाले. दरबार मोडला, पण कारागिरांची भट्टी विझली नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर ते नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवितात. किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या गरम पाण्याने भांडे काळे होते, चांदी पांढरीच राहते. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले. मुलांनो, मदरसा पाहून झाल्यावर कारागिराच्या दुकानीही थांबा. शिकणारे हात नसतील तर हे मानांकन कागदावरच राहील.