गळाआधी निरीक्षण

काश्मीरमधल्या कोकरनागच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालून येतं, म्हणून ते ऐन उन्हाळ्यातही गार असतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. ट्राउटला तेच मानवतं. १९०० च्या सुमारास ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून हा मासा काश्मिरात रुजला.

त्याला पकडायला गळावर पिसं-दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. वसंतात पाण्यावर कोणते किडे उडतात, उन्हाळ्यात काठावरून काय पडतं, ते बघायचं आणि तशीच माशी सोडायची. पाणी नितळ, नुसती सावली पडली तरी मासा पसार!

थंडीच्या तोंडावर मादी तळाच्या खडीत अंडी घालते. तेव्हा मासेमारी बंद. खडीत पाय पडला तरी अंडी चिरडतात.

मुलांना विचारा, आता गळ का टाकायचा नाही? उत्तर त्यांनाच शोधू द्या.