वेबसाइटचे गोदाम कोठे असावे?

आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव आता माल दाखविण्यासाठी वेबसाइट काढीत आहेत. होस्टिंग घेताना मात्र फक्त वर्षाचे भाडे विचारले जाते. सर्व्हर कोणत्या शहरात आहे, हे फार थोडे लोक विचारतात. पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते, ते बऱ्याचदा या चुकीमुळे.

सर्व्हर म्हणजे वेबसाइटचे गोदाम होय. गिऱ्हाईकाची मागणी काचेच्या तारेतून तेथपर्यंत जाते आणि उत्तर परत येते. या तारेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. जाऊन-येऊन प्रकाशालाच १३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा, लागतात. केबल वळणे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात २०० किंवा अधिक लागतात. पानाचा पहिला मजकूर येईपर्यंत अशा साधारणतः तीन फेऱ्या होतात. अर्धा सेकंद येथेच खर्च झाला! सर्व्हर मुंबईत असल्यास महाराष्ट्रातील गिऱ्हाइकासाठी एक फेरी बहुधा ५० मिलिसेकंदांच्या आत होते.

म्हणून नियम सोपा आहे: जेथे गिऱ्हाईक, तेथे गोदाम. भिवंडी-मालेगावचा माल देशातच विकायचा तर मुंबईचा सर्व्हर घ्यावा. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये व गुगलने २०१७ मध्ये मुंबईत ही सोय सुरू केली. सर्व गिऱ्हाईक आखातात असेल तर अ‍ॅमेझॉनची सोय २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीतही आहे. गिऱ्हाईक अनेक देशांत असेल तर सीडीएन घ्यावे. त्यात फोटोंच्या प्रती निरनिराळ्या शहरांत ठेवल्या जातात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साडीचा एकेक फोटो ५ एमबीचा असेल तर जवळचा सर्व्हरही पान लवकर उघडू शकणार नाही. फोटो आधी हलके करून घ्यावेत.

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: सर्व्हर कोणत्या शहरात? दुसऱ्या वर्षाचे भाडे किती? नंतर शहर बदलता येईल काय? उत्तरे लेखी घ्यावीत. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी सूरह बकरामध्ये (आयत २८२) ताकीद आहे. वर्षभराचे भाडे आगाऊ देणाऱ्याने ती विसरू नये.