हाताची घडी, पायांची चुळबुळ

गेल्या महिन्यात एक आई पहिलीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. शाळेची डायरी तिने माझ्यापुढे उघडून ठेवली. ‘एका जागी बसत नाही’, ‘शेजारच्याला त्रास देतो’, ‘पालकांनी भेटावे’ असे लाल शाईतले तीन शेरे, तेही पंधरा दिवसांत. “डॉक्टर, याला काही गोळी असते का हो?” तिचा आवाज रडवेला झाला होता.

मुलगा माझ्या स्टुलावर बसला होता. पाय जमिनीपासून वीतभर वर. ते सारखे हलत होते, स्टुलाच्या दांडीवर आपटत होते. मधेच तो एका कुशीवर कलायचा, मधेच दुसऱ्या. तपासणीच्या टेबलापाशी असते ती लाकडी पायरी मी ओढली आणि त्याच्या पायांखाली सरकवली. पाय टेकले. मी आणि त्याची आई बोलत होतो तेवढ्यात त्याने माझ्या कागदावर चाकांसकट एक अख्खा ट्रॅक्टर काढला.

यात जादू काही नाही. पाय लोंबकळत असले की बाकाची कड मांडीखाली रुतते, कंबर पुढे घसरते आणि धड ताठ ठेवायचं सगळं ओझं पोटा-पाठीच्या स्नायूंवर पडतं. सहा वर्षांच्या मुलाचे हे स्नायू अजून तयार होत असतात, ते लवकर दमतात. मग मूल दप्तरावर रेलतं, एक पाय दुमडून त्यावर बसतं, बाकावर गुडघे टेकून उभं राहतं. त्याचं शरीर आराम शोधत असतं आणि आपण त्याला खोडकर ठरवतो. कित्येक शाळांत पहिलीच्या मुलाला आणि चौथीच्या मुलाला एकाच उंचीचा बाक असतो. तीन वर्षांच्या वाढीचा फरक त्या बाकाला कुठून कळणार?

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे आपण सगळे ऐकतच मोठे झालो. साठ मुलांचा वर्ग एकट्या बाईंनी सांभाळायचा तर त्यांना दुसरं काय सुचणार, हेही मला समजतं. पण हलणारं मूल ऐकत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. या वयात बरीच मुलं हलता हलताच नीट ऐकतात. ताठ बसून राहायचं म्हटलं की त्यांचं निम्मं लक्ष ताठ बसण्यातच जातं.

शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्गात बसायच्या तऱ्हा दोन-तीन तरी असू द्या. गोष्ट ऐकायला सतरंजी, लिहायला बाक, आणि मागच्या भिंतीशी एखादं उंच टेबल, जिथे उभं राहून लिहिता येईल. खाली बसून लिहायचं असेल तर वहीखाली पाट किंवा छोटा चौरंग द्या, नाहीतर मान पार गुडघ्यांत जाते. पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना उठवा. वह्या वाटायला, फळा पुसायला, बेरजेचं उत्तर उड्या मारून सांगायला. याला पैसे लागत नाहीत.

उभं राहण्याची एक अडचण मात्र आपल्याकडे खास आहे. आपल्या शाळांत उभं राहणं म्हणजे शिक्षा. बाकावर उभं केलं, वर्गाबाहेर उभं केलं. त्यामुळे ‘तू मागे उभा राहून लिही’ म्हटलं की मुलाचा चेहरा पडतो, बाकीची मुलं हसतात. म्हणून आधी काही दिवस पाळीपाळीने सगळ्यांनाच त्या टेबलापाशी पाठवा. हुशार म्हणून ठरलेली मुलं तिथे उभी दिसली की ती जागा मानाची होते. मग ज्याला गरज आहे तो आपणहून जातो.

काही शाळा मुलांना मोठ्या रबरी चेंडूंवर बसवतात. त्याचा फायदा अभ्यासांत एकसारखा दिसलेला नाही. तो पैसा पायाखालच्या फळ्यांवर गेला तर मला जास्त आनंद होईल. शाळेने मुलांशी जुळवून घेणं आपल्याला परकंही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती.

आता पालकांसाठी. चुळबुळ म्हणजे लगेच एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) नव्हे. त्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने आणि घरी, शाळेत अशी दोन्हीकडे दिसावी लागतात. वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत आढळलंय, तेव्हा मुलाची जन्मतारीख जरूर लक्षात घ्या. आधी साध्या गोष्टी तपासून घ्या. रात्री शौचाच्या जागी खाज येते का? जंत असू शकतात. पोट रोज साफ होतं का? लघवी दाबून धरतो का? फळा नीट दिसतो, ऐकू येतं? झोप पुरते? रक्त कमी नाही ना? आणि हे सगळं ठीक असूनही घरीदारी, खेळताना, जेवताना त्रास होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला अजिबात कचरू नका.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. चुळबुळ करतो म्हणून मुलाची मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ज्याला ती सर्वांत जास्त हवी, त्याचीच आपण बंद करतो! तुमच्या मुलाच्या बाबतीत असं होत असेल तर बाईंना भेटा आणि हे शांतपणे पण स्पष्ट सांगा.

त्या मुलाला मी गोळी दिली नाही. आईने जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने घट्ट बांधला, वर जुन्या चादरीचं कापड शिवलं आणि बाईंच्या परवानगीने बाकाखाली ठेवला. परवा ती खोकल्याचं औषध न्यायला आली होती. जाता जाता म्हणाली, बाईंनी असे आणखी चार गठ्ठे मागितलेत.