पूर आणि भाडेकरू

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर मी लोकांचे मदतीचे अर्ज भरून देत होते. २०२१ला पुन्हा तेच काम. त्यातून कळलेलं सांगते.

१. पाणी मालक-भाडेकरू बघत नाही, पंचनामा मात्र बघतो. पडलेलं घर बांधून होईपर्यंत भाड्यानं राहता यावं म्हणून २०१९ला सरकारनं ग्रामीण भागात २४ हजार आणि शहरात ३६ हजार रुपये जाहीर केले. निर्णय चांगला, पण तो ज्याचं घर पडलं त्याच्यासाठी. आधीपासून भाड्यानं राहणाऱ्यांचा आधार म्हणजे सानुग्रह अनुदान: गावात १० हजार, शहरात १५ हजार. त्यासाठी ‘आम्ही इथंच राहतो’ हे पटवून द्यावं लागायचं.

२. आणि नेमकं तिथंच घोडं अडायचं. रेशनकार्ड जतचं किंवा आटपाडीचं, आधारवर माहेरचा पत्ता, लाइट बिल मालकाचं. खोलीचा करार तोंडी. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही. हे आमच्या वस्तीत कुणाला माहीतच नव्हतं.

३. चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो काढा. तलाठी येईपर्यंत बायका घर लख्ख धुऊन मोकळ्या होतात.

४. महिन्याच्या भाड्यापेक्षा डिपॉझिट जड जातं. नव्या खोलीसाठी ते आधी मोजावं लागतं आणि जुनं अडकलेलं असतं. सरकारी पैसे मागाहून येतात. तोवर बचत गट, भिशी, नाहीतर सावकार.

५. दरवेळी मालकाला खलनायक करू नये. पुढची खोली भाड्यानं देऊन त्यावर घर चालवणाऱ्या विधवा इथं आहेत. त्यांचाही संसार वाहून गेलेला.

६. २०२१च्या भूस्खलनानंतर पाटण तालुक्यातल्या मिरगावच्या लोकांना कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतल्या खोल्या मिळाल्या. माझ्या मते तातडीची खरी मदत हीच. सांगलीतही रिकाम्या सरकारी क्वार्टर्सची यादी मे महिन्यातच तयार व्हावी, आणि तिच्यात भाडेकरूंसाठी जागा राखून ठेवावी.