'एपिऊसिओस' : एका विशेषणाचा अर्थविचार

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना नव्या करारात दोन ठिकाणी आढळते : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकाच्या अकराव्या अध्यायात. दोन्ही पाठ एकमेकांहून बरेच भिन्न आहेत. तथापि अन्नाच्या मागणीत 'आर्तोस', म्हणजे भाकर, या नामाला दोन्हीकडे एकच विशेषण लागलेले आहे. ते म्हणजे 'एपिऊसिओस'. मराठी अनुवादात त्याच्या जागी 'रोजची' हा शब्द रूढ झाला असून तो इतका स्वाभाविक वाटतो की येथे अर्थनिर्णयाचा काही प्रश्न असेल, अशी शंकाही वाचकास येत नाही.

प्रश्न मात्र फार जुना आहे. हा शब्द ग्रीक ग्रंथकारांत नाही व लोकांच्या बोलण्यातही नाही, तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे तिसऱ्या शतकात ओरिजेनने नमूद केले. ग्रीक ही ज्याची स्वतःची भाषा, अशा पंडिताची ही साक्ष असल्यामुळे तिचे महत्त्व विशेष होय. शिवाय 'दैनिक' या अर्थाचे शब्द ग्रीकमध्ये होतेच. प्रेषितांच्या कृत्यांत 'काथेमेरिनोस' येतो, याकोबाच्या पत्रात 'एफेमेरोस' येतो. लूकाच्या पाठात तर 'दररोज' या अर्थाचा स्वतंत्र शब्दप्रयोग त्याच वाक्यात आहे. मग 'एपिऊसिओस'चा अर्थही 'रोजची' मानल्यास एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे होते.

व्युत्पत्तीचे दोन प्रमुख मार्ग सांगितले जातात. पहिल्यानुसार 'एपि' या उपसर्गापुढे 'ऊसिआ', म्हणजे सत्ता किंवा अस्तित्व, हे नाम आहे. तेव्हा अर्थ 'अस्तित्वाला आवश्यक अशी'. ओरिजेनचा कल या बाजूला होता. दुसऱ्यानुसार 'एपिऊसा', म्हणजे येणारा दिवस, या प्रचलित शब्दापासून हे विशेषण झाले; तेव्हा अर्थ 'उद्याची'. संस्कृतज्ञास हा वाद ओळखीचा वाटेल, कारण पहिल्या मार्गाच्या मुळाशी 'अस्' धातूचा ग्रीक भाऊबंद आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'इ' धातूचा. भाकर 'असण्याची' की 'येण्याची', असा हा पेच आहे. पहिल्या पक्षावरील आक्षेप असा की स्वरापूर्वी 'एपि'मधील अंत्य इकार सामान्यतः लोप पावतो. परंतु 'एपिओर्कोस'सारख्या शब्दांत तो टिकलेला दिसतो. त्यामुळे केवळ व्याकरणाने निवाडा होत नाही.

प्राचीन अनुवादकांतही एकमत नाही. सुरियानी भाषेच्या एका जुन्या पाठात 'नित्याची' असा अर्थ घेतला आहे, तर नंतरच्या पेशित्तात 'आमच्या गरजेची' असा. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन पाठ सुधारताना लूकात 'दैनिक' हा अर्थ राहू दिला आणि मत्तयात मात्र त्याच ग्रीक शब्दासाठी 'द्रव्यातीत' अशा अर्थाचे विशेषण योजले. एका हिब्रू शुभवर्तमानात आपल्याला 'माहार', म्हणजे 'उद्याचा', हा शब्द आढळल्याचेही त्यानेच नोंदवले आहे.

विसाव्या शतकात हा वाद मिटल्यासारखा वाटला. ईजिप्तमधील हवारा येथे सापडलेल्या पपायरसांपैकी खर्चाच्या एका यादीचे वाचन सेस यांनी 1889 मध्ये प्रसिद्ध केले होते. तीत हाच शब्द संक्षेपाने आला आहे, असे 1925 मध्ये लक्षात आणून देण्यात आले आणि 'दिवसाचा शिधा' हा अर्थ कोशांत बळावला. मूळ पपायरस मात्र गहाळ समजला जात होता. पुढे तो येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला आणि 1999 मध्ये नाइमन व वोर्प यांनी फेरवाचन प्रसिद्ध केले. त्या जागी 'एलाइऊ', म्हणजे तेल, असे लिहिलेले होते. धर्मग्रंथाबाहेरचा तो एकमेव मानलेला पुरावा अशा रीतीने नाहीसा झाला आणि ओरिजेनची साक्ष पुन्हा पहिल्या स्थानी आली. कोशातील नोंद ज्या वाचनावर उभी असते, ते पुन्हा तपासल्यावाचून तिला प्रमाण मानू नये, हा धडा कोणत्याही भाषेच्या कोशकारास घेण्याजोगा आहे.

आता उरतो तो संदर्भाचा आधार. मत्तयाच्या पाठात 'आज' हा शब्द आहे. 'उद्याची भाकर आज दे' असा अन्वय लावल्यास, त्याच अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या 'उद्याची चिंता करू नका' या उपदेशाशी तो विसंगत भासतो. पण त्याच शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मजुरांना दिनारभर मजुरी संध्याकाळी मिळते. अशा कुटुंबात आज हाती आलेल्या मजुरीवरच उद्याची चूल पेटते. तेथे 'उद्याची भाकर' हा साठा नव्हे, ती किमान गरजच होय. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्नाही दिवसापुरताच वेचायचा असे. जास्तीचा ठेवला तर तो नासे. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा.

जेरोमचा 'द्रव्यातीत' हा पर्याय वगळल्यास इतर सर्व अर्थांत एक समान सूत्र दिसते : मागणी मोजकी आहे, संचयाची नाही. या दृष्टीने 'रोजची' हा मराठी पर्याय पुन्हा पाहण्यासारखा आहे. 'नेहमीची' एवढाच अर्थ घेतला तर तो मूळ शब्दाचे नवखेपण पुसून टाकतो. परंतु मराठीत 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरीही होय. 'रोजंदारी' या शब्दात तोच अर्थ आहे. त्या अर्थाने ऐकल्यास 'रोजची भाकर' ही रोजावर जगणाऱ्याची भाकर ठरते. मूळ विशेषणाचा अर्थ त्यामुळे सिद्ध होत नाही. मात्र ज्यांच्या तोंडी ही प्रार्थना प्रथम आली असेल, त्यांच्या जगण्याच्या जवळ हा अनुवाद जातो.