कर्तव्याचें स्मरण : सहायक फौजदार तुकाराम ओंबळे



गेल्या सहामाहींत आम्हीं आमच्या वर्गास ‘मला आवडणारा शूर पुरुष’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. बहुतेकांनीं तानाजी मालुसरे व बाजीप्रभु देशपांडे यांच्याविषयीं लिहिलें, आणि तें योग्यच होतें. एका मुलानें मात्र आपल्या वडिलांविषयीं लिहिलें. त्याचे वडील पोलिसांत हवालदार आहेत. तो आपला निबंध मोठ्यानें वाचीत असतां मागच्या बांकांवरून हंशा उठला, आणि तो मध्येंच थांबून खालीं बसला. आम्हीं वर्गास गप्प केलें. परंतु त्या हंशाचें कारण त्या दिवशीं विचारलें नाहीं, व त्या मुलास उरलेला निबंध पुरा करावयासही सांगितलें नाहीं. घंटा झाली आणि आम्ही वर्गाबाहेर पडलों. ती आमची चूक होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या तासाची भरपाई होय.

हंसणाऱ्या मुलांना तरी आम्हीं काय म्हणून दोष द्यावा? लहान मूल जेवीनासें झालें कीं, “थांब, पोलिसाला बोलावतों” असें आपण वडील माणसेंच म्हणतों. नाक्यावर आपली गाडी अडविली कीं कपाळास आठ्या घालतों, आणि घरीं चोरी झाली कीं त्याच माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसतों. पोलिसांविषयींच्या लोकांच्या तक्रारींत मुळींच तथ्य नसतें, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या हातीं अधिकार दिला, त्यास जाब विचारण्याचा हक्क नागरिकांस असलाच पाहिजे. परंतु जो जाब विचारतो त्यानें ऋणही मोजावें. नाहींतर हिशेब एकतर्फी होतो. त्या हिशेबाची दुसरी बाजू आज आपण पाहूं.

पोलीस स्मृतिदिन

दरवर्षीं २१ ऑक्टोबर हा दिवस भारतभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. या दिवसाचें मूळ लडाखच्या बर्फाळ पठारावर आहे. त्या काळीं तिबेटच्या बाजूच्या सरहद्दीवर पहारा करण्याचें काम पोलिसांकडे होतें. १९५९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत हॉट स्प्रिंग्ज नांवाच्या ठिकाणाहून टेहळणीसाठीं तीन तुकड्या पाठविण्यांत आल्या. दोन परत आल्या. तिसऱ्या तुकडींतील दोन शिपाई व एक हमाल परतले नाहींत. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २१ ऑक्टोबर रोजीं, करमसिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालीं सुमारें वीस जण त्यांच्या शोधास निघाले. वाटेंत टेकडीवरून चिनी सैन्यानें त्यांच्यावर गोळीबार केला. दहा पोलीस जागच्याजागीं पडले, व सात जण जखमी स्थितींत पकडले गेले. मृतांचे देह परत मिळावयास १३ नोव्हेंबर उजाडला, आणि त्याच ओसाड प्रदेशांत त्यांचे अंत्यसंस्कार झाले. पुढें १९६० च्या जानेवारींत राज्याराज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेंत हा दिवस प्रतिवर्षीं पाळण्याचें ठरलें.

या वृत्तांतांत एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे. ते दहा जण कोणाचा मुलूख जिंकावयास गेले नव्हते. आपलीं तीन माणसें रात्रीं परत आलीं नाहींत, म्हणून तीं कोठें आहेत हें पाहावयास गेले होते. आणि त्या तिघांत एक साधा हमाल होता.

स्मृतिदिनाच्या संचलनांत पोलीस आपल्या बंदुकांचीं तोंडें खालीं करून उभे राहतात, आणि मागील वर्षभरांत देशांत कर्तव्य करीत असतां मरण पावलेल्या प्रत्येक पोलिसाचें नांव वाचलें जातें. दिल्ली येथें चाणक्यपुरींत २०१८ सालीं याच तारखेस राष्ट्रीय पोलीस स्मारकाचें उद्घाटन झालें. तेथील भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कामीं आलेल्या ३४,००० हून अधिक पोलिसांचीं नांवें त्या वेळीं कोरलेलीं होतीं. इतकीं नांवें ओळीनें वाचूं गेलें तर मन बधिर होतें. मोठी संख्या आपल्या बुद्धीस पटते, पण अंतःकरणास भिडत नाहीं. म्हणून आपण त्यांपैकीं एकच नांव घेऊं.

चौपाटीवरील ती रात्र

तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यांतील केडंबे या गांवचे. शिवकालाच्या इतिहासांत आपण ज्या जावळीचें नांव वाचतों, तोच हा डोंगराळ मुलूख. त्यांनीं प्रथम भारतीय सैन्याच्या सिग्नल विभागांत, म्हणजे संदेशवहनाच्या खात्यांत, नोकरी केली. आणि तेथून निवृत्त झाल्यावर १९९१ सालीं ते मुंबई पोलीसदलांत शिपाई म्हणून दाखल झाले. चढत चढत ते सहायक फौजदार झाले, व २००८ सालीं गिरगांवच्या बाजूस असलेल्या डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यांत त्यांची नेमणूक होती. त्यांचें नांव तोंवर कोणत्याही वर्तमानपत्रांत गाजलें नव्हतें. जे हजारों लोक रोज हजेरी लावून नेमून दिलेल्या जागीं उभे राहतात, त्यांपैकींच ते एक होते.

ता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं कराचीहून समुद्रमार्गें आलेल्या लष्कर-ए-तय्यबा या संघटनेच्या दहा अतिरेक्यांनीं मुंबईवर हल्ला केला. त्यांपैकीं दोघे छत्रपति शिवाजी टर्मिनसमध्यें शिरले, आणि सामानाजवळ बसून गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंवर त्यांनीं गोळ्यांचा वर्षाव केला. तेथें ५० हून अधिक निरपराध माणसें मरण पावलीं. तेथून ते कामा रुग्णालयाकडे गेले. रुग्णालयालगतच्या गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तीन अधिकारी त्यांच्या गोळ्यांस बळी पडले. त्या अधिकाऱ्यांचीच गाडी घेऊन ते दोघे निघाले. तिचें चाक निकामी झाल्यावर त्यांनीं दुसरी एक मोटार बळकाविली, आणि मरीन ड्राइव्हच्या रस्त्यानें गिरगांव चौपाटीची वाट धरली. इकडे बिनतारी संदेशानें त्या मोटारीचें वर्णन पुढें पोहोंचलें होतें.

चौपाटीपाशीं रस्त्यावर अडथळे लावून पोलिसांनीं नाकाबंदी केली होती. ओंबळे तेथें होते. मध्यरात्र उलटून गेली होती. अडथळे पाहतांच मोटार कांहीं अंतरावर थांबली, आणि वळण्याच्या धडपडींत रस्त्याच्या दुभाजकावर चढून अडकली. दोन्हीं बाजूंनीं गोळ्या झाडल्या गेल्या. मोटार चालविणारा अतिरेकी त्यांत ठार झाला. दुसरा, अजमल कसाब, शरण येत असल्यासारखें दाखवून बाहेर आला आणि त्यानें रायफल उचलली. ती एके-४७ जातीची, एका दमांत अनेक गोळ्या ओकणारी रायफल होती. ओंबळे यांच्यापाशीं लाठी होती.

ते पुढें धांवले आणि त्यांनीं त्या रायफलीची नळी हातांनीं घट्ट धरली. कसाबनें चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या शरीरांत शिरल्या. परंतु धरलेली नळी त्यांनीं सोडली नाहीं. नळीचें तोंड त्यांच्याच देहाकडे राहिल्यामुळें तें मागच्या सोबत्यांकडे वळूं शकलें नाहीं. तेवढ्या अवधींत त्या सोबत्यांनीं कसाबवर झडप घातली, आणि त्यास जिवंत पकडलें. एक अधिकारी या झटापटींत जखमी झाले. ओंबळे यांचे प्राण वांचले नाहींत.

या कृत्याचा अर्थ

मुलांनो, येथें थांबून तीन गोष्टींचा विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, असें धैर्य ऐनवेळीं उसनें आणतां येत नाहीं. नळी धरावी कीं न धरावी, याचा ऊहापोह करावयास त्या क्षणीं सवड नव्हती. मनुष्य आयुष्यभर जें करीत आला, तेंच अशा क्षणीं त्याच्या हातून आपोआप घडतें. दररोज वेळेवर कामावर जाणें, नेमलेली जागा न सोडणें, कंटाळा आला तरी पहारा पुरा करणें, या क्षुल्लक वाटणाऱ्या संवयी होत. पण मोठ्या धैर्याची शिदोरी याच संवयींत सांठत असते. जो मुलगा कोणी पाहत नसतांही आपली पाळी आली म्हणून वर्ग झाडतो, त्यास आम्ही यामुळेंच मान देतों.

दुसरी गोष्ट जिवंत पकडण्याची. संतापानें वेडा झालेला जमाव काय करतो हें आपणांस ठाऊक आहे. चौपाटीवरच्या पोलिसांचा सोबती डोळ्यांदेखत पडला होता. तथापि त्यांनीं त्या माणसास न्यायासनापुढें उभें केलें. त्या हल्ल्यांत १६६ माणसें मेलीं, आणि दहा हल्लेखोरांपैकीं हा एकटाच जिवंत सांपडला. तो सांपडल्यामुळें ते कोठून आले, कोणीं त्यांना शिकविलें, कोणत्या मार्गानें पाठविलें, हें जगापुढें पुराव्यानिशीं मांडतां आलें. त्याचा खटला मुंबईंत उघड रीतीनें चालला. त्यास वकील देण्यांत आला. ३ मे २०१० रोजीं विशेष न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें, आणि त्याच दिवशीं त्याच न्यायालयानें दुसऱ्या दोन आरोपींना पुरावा अपुरा म्हणून निर्दोष सोडलें. पुढें उच्च न्यायालयानें व ऑगस्ट २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कसाबची शिक्षा कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें. देहदंडाविषयीं सुज्ञांत मतभेद आहेत, व ते राहतील. परंतु ज्या शहरानें एवढा घाव सोसला, त्या शहरांत दोन माणसें पुराव्याअभावीं सुटूं शकलीं, ही त्या शहराच्या मानाची गोष्ट आहे. ती नळी जिनें धरून ठेवली, त्या मुठीनें केवळ सोबत्यांचे प्राण राखले नाहींत. कायद्यास आपलें काम करावयास जागा करून दिली.

तिसरी गोष्ट सांगावयास आम्हांस संकोच वाटतो, पण सांगणें अवश्य आहे. रायफलीपुढें लाठी घेऊन उभें राहण्याची पाळी त्या मनुष्यावर कां आली? आपण त्यांच्या शौर्याचीं गाणीं गातों, तेव्हां हा प्रश्न झांकून टाकतों. त्या हल्ल्यानंतर राज्य सरकारनें राम प्रधान यांची समिति नेमली. २००९ सालीं ‘फोर्स वन’ हें विशेष शिक्षण दिलेलें दल उभें राहिलें. हें सर्व झालें तें योग्यच. परंतु तें नंतर झालें. ज्यांना आपण आपल्या रक्षणास पाठवितों, त्यांच्या हातांत काय देऊन पाठवितों, हें विचारणें हें नागरिकांचें कर्तव्य आहे. पुष्पहार घालून या कर्तव्यांतून सुटका होत नाहीं.

स्मरण कसें करावें

२६ जानेवारी २००९ रोजीं ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण करण्यांत आलें. शांततेच्या काळांतील शौर्यासाठीं दिला जाणारा हा आपल्या देशांतील सर्वोच्च बहुमान होय. गिरगांव चौपाटीजवळ त्यांचें स्मारक आहे. याहून निराळें असें एक स्मारक विद्यार्थ्यांस आवडेल: ठाणें जिल्ह्यांत सांपडलेल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीस २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं ‘आयसियस तुकारामी’ हें नांव दिलें. ज्यांनीं राजे व सरदार यांच्याच नांवानें सृष्टि ओळखली, त्यांच्या यादींत आतां एका सहायक फौजदाराचें नांव जाऊन बसलें आहे.

पण पदक भिंतीवर लागतें आणि जेवणाच्या पंक्तींतलें पान रिकामें राहतें. ओंबळे यांच्या घरीं पत्नी व मुली होत्या. ज्या घरांतला मनुष्य पोलिसांत आहे, त्या घरीं सणाच्या दिवशीं बहुधा तोच नसतो. तुमच्या गणपतीच्या मिरवणुकीस आणि आमच्या नाताळाच्या रात्रीं तो कोठेंतरी नाक्यावर उभा असतो. त्याच्या मुलांनीं दाराकडे पाहत घालविलेल्या रात्री कोणत्याही स्मारकावर कोरल्या जात नाहींत. तो मुलगा आमच्या वर्गांत आपल्या वडिलांविषयीं वाचूं लागला, तेव्हां तो याच रात्रींविषयीं सांगणार होता. हें आम्हांस नंतर त्याची वही घरीं नेऊन वाचतांना कळलें.

येत्या २१ ऑक्टोबरला त्या मुलास आपला निबंध प्रथमपासून शेवटपर्यंत वाचावयास सांगावयाचें आम्हीं ठरविलें आहे. त्याची त्यास संमति आहे. त्या दिवशीं मागच्या बांकांवर बसणाऱ्यांनीं काय करावें, हें आम्ही सांगत नाहीं. त्यांना तें कळेल असा आमचा विश्वास आहे.

मननासाठीं प्रश्न

१. हॉट स्प्रिंग्ज येथील पोलीस कोणत्या कामासाठीं निघाले होते? त्यावरून त्यांच्याविषयीं काय समजतें?
२. अपराध्यास जिवंत पकडल्यानें कोणकोणतीं कार्यें साधलीं?
३. तुमच्या वस्तींत रात्रीं पहारा करणाऱ्या एका माणसाशीं, वडील माणसांस बरोबर घेऊन, बोला. तो कितीस घरून निघतो, केव्हां परततो व त्याची वाट कोण पाहतें, हें दहा ओळींत लिहा.